शेतकऱ्याच्या पोरापोरींना सुट्टीत शेतीचं आणि व्यवहाराचं शिकवायचं, तर नेमकं काय शिकवावं?

धुऱ्यावरचा
राम राम मंडळी. मी आर्वी तालुक्यातला (जि. वर्धा). आमच्या गावात बारावी झालेली पोरं दोन ठिकाणी सापडतात. अर्धी पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात आणि दिवसभर अभ्यासिकेत पोलीस भरतीचं वाचतात. उरलेली पानटपरीवर. घरी चार-पाच एकर वावर आहे, पण डवरा (बैलाचं कोळपं) कसा धरायचा ते येत नाही आणि बँकेतला फॉर्मही भरता येत नाही.

आम्ही काही जणांनी (दोन शिक्षक, एक निवृत्त कृषी सहायक, बचत गटाच्या दोघी) ठरवलं आहे की नववीपासून विशी-बाविशीपर्यंतच्या पोरापोरींसाठी उन्हाळ्यापासून पोळ्यापर्यंत दर रविवारी वर्ग घ्यायचा. शाळा एक खोली देते. एका कास्तकाराने विहिरीजवळचा दीड एकराचा तुकडा दिला आहे.

पहिल्याच बैठकीत एकाचा बाप म्हणाला, "शेतीच शिकवाची होती तं शाळेत कायले धाडलं? वावर तं घरीच होतं." सगळे हसले. मग त्यानेच विचारलं, "हे शिकून पोट्ट्याच्या हातात पैसा कवा येते?" त्यावर कोणी बोललं नाही.

तोच प्रश्न इथं टाकतो. काय शिकवलं तर पोराच्या हातात लवकर काही पडेल? कोणी असा वर्ग घेतला असेल तर सांगा. 'शेती ही काळाची गरज' छापाचे प्रतिसाद नकोत, ते भाषण आमच्याकडे दर २६ जानेवारीला होते.

वऱ्हाडी_ठेचा
पैला धडा: मोबाईल घरी ठेवून दोन तास वावरात राहणे. यात पास झाला त्यालेच दुसऱ्या रविवारी बोलवा. वर्गात चारच पोट्टे उरतीन, चहाचा खर्च वाचीन.

पऱ्हाटी
यवतमाळ जिल्ह्यातून. माझं मत विचाराल तर पहिला रविवार फवारणीचा घ्या. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, त्यात मजूरच जास्त. पऱ्हाटी (कपाशी) डोक्याइतकी वाढली होती, दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवली जात होती, अंगात बनियन आणि पाय उघडे. गावात पंपावर पैसे घेऊन फवारणारी पोरं अठरा-वीस वर्षांचीच असतात, म्हणजे तुमच्या वर्गाचीच. त्यांना डब्यावरचा रंगीत त्रिकोण वाचता येत नाही. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे शिकवायला पाच मिनिटं लागतात.

दुसरं म्हणजे नोझल. कचरा अडकला की पोरं ते काढून तोंडाने फुंकतात. हे मी आजही पाहतो. जुना टूथब्रश पंपाला दोरीने बांधून ठेवायची सवय लावा. वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारायचं नाही, उपाशी पोटी जायचं नाही, आणि कोणाला चक्कर आली तर दवाखान्यात डबा सोबत न्यायचा. डबा नसेल तर डॉक्टर तरी काय समजणार.

पैसा हातात येण्याचं म्हणाल तर फवारणी करणाऱ्याला मजुरी मिळतेच. नीट करणाऱ्याला लोक दुसऱ्यांदा बोलावतात.

ऑरेंज_सिटी_टू_पुणे
चांगला उपक्रम! पण पारंपरिक शेतीत पोरांना अडकवू नका असं वाटतं. ड्रोन, हायड्रोपोनिक्स, पॉलिहाउस, थेट ग्राहकाला ऑनलाइन विक्री हे शिकवा. हल्ली ड्रोन पायलटला चांगली मागणी आहे.

बंडीवाला
@ऑरेंज_सिटी_टू_पुणे, दादा, आमच्या फिडरवर एक आठवडा दिवसा वीज असते अन् एक आठवडा रात्री. हायड्रोपोनिक्सची भाजी रात्री बारा वाजता उठवून पाणी पाजायची काय? ड्रोन शिकवा म्हणता, त्याच्या लायसन्सले वय अठरा लागते अन् ट्रेनिंगची फी पाहिली का?

ऑरेंज_सिटी_टू_पुणे
चेष्टा कळली. पण दोन वर्षांनी तुमच्याच गावात कोणीतरी बाहेरचा येऊन ड्रोनने फवारेल आणि पैसे घेऊन जाईल, तेव्हा आठवण काढा.

बंडीवाला
येऊन राहिले ना. ते मात्र खरं आहे.

मगनवाडी
मी वर्ध्यात मास्तरकी केली, आता निवृत्त. तुम्ही जो विचार करताय त्याचा उगम तुमच्याच जिल्ह्यातला आहे म्हणून लिहितो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमची योजना मांडली. सूतकताई, शेती, स्वयंपाक यांतून गणित आणि भाषा शिकायची. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलं वाफे मोजतात, स्वयंपाक करतात, त्याचा हिशेब वहीत लिहितात.

मग ती योजना सगळीकडे का टिकली नाही? कारण तुमच्या बैठकीत जो प्रश्न आला तोच तेव्हाही आला. 'साहेबाचा पोरगा इंग्रजी शिकणार आणि माझा चरखा फिरवणार?' नोकरीला मॅट्रिकचं सर्टिफिकेट लागत होतं, तकली नव्हे. त्या बापांना नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यांचं गणित बरोबर होतं.

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी या कोंडीतून वाट काढली. शाळकरी मुलांना आठवड्यातला एक दिवस कामाचा: वेल्डिंग-सुतारकी, वीज आणि ऊर्जा, शेती-पशुपालन, घर आणि आरोग्य. मुलं नुसती शिकत नाहीत, गावाला सेवा देतात आणि तिचे पैसे घेतात. कोणाचं फाटक जोडून दे, कोणाच्या मातीचा नमुना तपास. माझा सल्ला एवढाच की आधी गावात फिरून यादी करा. आपलं गाव कोणत्या कामासाठी बाहेरच्या माणसाला पैसे देतं? ते काम वर्गात आणा.

संत्रावाला
मास्तर, सोळा आणे. आमच्या वरुड-मोर्शी भागात हेच चालतं. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत डोळा भरणाऱ्या (कलम बांधणाऱ्या) कारागिराला कलमेच्या हिशोबाने पैसे मिळतात, आणि हात बसलेला माणूस सीझनला घरी रिकामा बसलेला मी पाहिला नाही. जंबेरीचं (ज्यावर संत्र्याचं कलम करतात त्या लिंबाचं) रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की हिवाळ्यात जमिनीपासून वीतभर वर सालीला चीर द्यायची, चांगल्या झाडाचा डोळा ढालीसारखा काढून आत सरकवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधायचा. साल आतून ओली असेपर्यंतच सगळं उरकायचं. डोळा हातात घेऊन गप्पा मारत बसलात तर तो वाळलाच. शाळेतली पोरं हे पटकन उचलतात, त्यांची बोटं बारीक असतात. चाकू मात्र चांगला घ्या, भाजीचा चालत नाही.

आर्वी-कारंजा पट्ट्यातही संत्रा आहे, तेव्हा तुमच्याकडे गिऱ्हाईक आहे.

लाल_बिल्ला
सगळे ज्ञानी जमले आहेत, म्हणून कडू बोलतो. शेतकऱ्याचं पोर कौशल्य नसल्यामुळे गरीब नाही, भाव नसल्यामुळे गरीब आहे. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात कितीला गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. पोराला कपाशीतली डोमकळी (बोंडअळीने मिटलेलं फूल) ओळखता आली, एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावले, रोज पतंग मोजले, म्हणून व्यापारी क्विंटलमागे शंभर रुपये जास्त देतो का? चाळीस वर्षं सरकार आपल्याला 'शिका, सुधारा, उत्पादन वाढवा' सांगत आलं. उत्पादन वाढवलं की भाव पडतो. तुमचा वर्ग चांगल्या मनाने आहे, पण तो पुन्हा शेतकऱ्यालाच दोषी ठरवतो.

पऱ्हाटी
@लाल_बिल्ला, भावाचं मान्य. पण पतंग मोजण्याने भाव नाही, फवारणी वाचते. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तरच बोंडअळीसाठी फवारायचं. शेजाऱ्याने पंप काढला म्हणून आपणही काढायचा, यात जाणारे पैसे कोणत्या भावाने परत येतात?

बंडीवाला
आणि ओलावा विसरले का? खरेदी केंद्रावर सोयाबीन १२ टक्क्यांच्या वर निघालं की माल परत. (२०२४ ला ओरड झाली तेव्हा १५ पर्यंत सूट दिली.) ट्रॅक्टरचं भाडं देऊन नेलेला माल परत आणणारे मी पाहिले. कापसाचंही तसंच, ८ च्या वर गेला की कपात अन् १२ च्या वर घेतच नाहीत. वेचलेला कापूस सकाळचा दवाळलेला भरून नेला की गेलाच. हे पोराले माहीत असलं तं हमीभाव निदान त्याच्या हाताले लागीन.

लाल_बिल्ला
केंद्र वेळेवर उघडलं तर.

वऱ्हाडी_ठेचा
😂 हे मात्र कोणत्याच वर्गात शिकवता येत नाही.

सखी_वाशीम
पूर्ण धागा वाचला. सगळे 'पोट्टे पोट्टे' करून राहिले. धुऱ्यावरचा भाऊंनी पोरापोरी लिहिलं, पण खाली पोरी कोणालेच दिसल्या नाहीत.

मी वाशीम जिल्ह्यातली, उमेदमध्ये (बचत गटांचं सरकारी अभियान) पशुसखी आहे, म्हणजे गावातल्या शेळ्या-जनावरांची काळजी पाहते. निंदण बाई करते, वेचणी बाई करते, सोयाबीन सोंगाले बाई. प्रशिक्षणाचा फोटो पाहा, पुढच्या रांगेत टोप्या. रविवारी सकाळी वर्ग ठेवला तर पोरी येणार नाहीत हे आत्ताच सांगते. रविवार म्हणजे धुणं, दळण अन् घर सारवणं. आम्ही संध्याकाळी चार ते सहा घेतो, तेव्हा आया पाठवतात.

पैसा लवकर पाहिजे तर शेळी. गाभण राहिली की पाच महिन्यांत विते. आमच्याकडची बेरारी शेळी इथल्या उन्हाले टिकते, बाहेरून महागाची आणून मारू नका. पोरींना तीन गोष्टी शिकवल्या तरी पुरे. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्याच्या जीवघेण्या रोगाची) लस, जंतनाशक शेळीचं वजन पाहून देणं, अन् पिलू झाल्यावर पहिल्या तासाभरात त्याला चीक पाजणं. आमच्या गटातली एक पोरगी बारावीत आहे, गावातल्या शेळ्यांच्या लसीच्या तारखा तिच्या वहीत आहेत. डॉक्टर आले की ती घरोघर सांगत फिरते, लोक तिला काही ना काही देतात. आता बापही तिला विचारून शेळी विकतो.

रिकामा_नवरदेव
ताई, शेळी राहू द्या, आधी हे सांगा की शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या पोरींसाठी कोणता वर्ग आहे? माझं वय तेहेतीस, सात एकर ओलीत, बोअर आहे, दोन म्हशी. स्थळवाले विचारतात "नोकरी?" मी म्हणतो "वावर." ते चहा पिऊन जातात.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, शिपायाची नोकरी दाखव, वावर हुंड्यात समजून घेतीन.

सखी_वाशीम
@रिकामा_नवरदेव, पोरी वावराले नाही म्हणत नाहीत. वावर त्याच्या नावावर, निंदण हिच्या नावावर, त्याले नाही म्हणतात. सातबाऱ्यावर बायकोचं नाव टाकतो असं स्थळाले आधी सांगून पाहा. मग मला कळवा.

रिकामा_नवरदेव
आईले विचारतो.

वऱ्हाडी_ठेचा
संपला विषय 🙏

हिशोबी
मी ग्रामीण शाखेत बरीच वर्षं आहे, काउंटरच्या आतून लिहितो. पोरांना कागद शिकवा. सातबारा (एका गटाचा उतारा) आणि आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा) यातला फरक, फेरफार (मालकी बदलाची नोंद) कसा वाचायचा, पीक कर्ज मुदतीत नवंजुनं (जुनं भरून नवं घेणं) केलं नाही तर काय होतं. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर आपल्या राज्यात व्याज पडत नाही, पण मार्चअखेर चुकवून पूर्ण व्याज भरणारे दर वर्षी समोर उभे असतात. ई-पीक पाहणी (वावरातल्या पिकाची सरकारी नोंद) ऑगस्ट २०२१ पासून आहे, ती शेतकऱ्याने स्वतःच मोबाईलवर करायची. बापाला जमत नाही, पोराला दोन मिनिटांत जमते. २०२४ पर्यंत गारपीट झाली, वावरात पाणी साचलं, तर पीक विम्याची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागायची. चौथ्या दिवशी रडत येणाऱ्याला मी काय सांगणार होतो?

सोबत एक साधी वही. एकरी खर्च लिहायचा, घरच्या माणसांची मजुरी धरून. बहुतेक घरांत बियाणं-खत-फवारणी लिहितात, बायकोची वेचणी लिहित नाहीत, आणि मग 'नफा' निघतो.

आणखी एक. प्रत्येक जिल्ह्यात बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, आरसेटी म्हणतात. राहणं-जेवण-शिकणं फुकट. शेळीपालन, दुग्धव्यवसाय, मोबाईल दुरुस्ती, शिवण असे कोर्स. अठरा वर्षं पूर्ण लागतात. तुमच्या वर्गातली मोठी पोरं तिकडे पाठवा, लहानांचं तुम्ही पाहा. सगळं तुम्हीच शिकवायचा हट्ट धरू नका.

जळकी_मोटार
आरसेटीचं चांगलं आहे, पण सगळ्या प्रशिक्षणांना एका मापाने मोजू नका. माझ्या भावाने एका संस्थेत (नाव घेत नाही) मोटार रिवाइंडिंगचा कोर्स केला. सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर आहे. मोटार तिथं कोणी उघडलीच नाही, प्रोजेक्टरवर दाखवली.

मी शिकलो तालुक्याच्या गावी एका उस्तादाच्या दुकानात. आधी नुसती जळकी तार काढायची, स्लॉट घासायचे, कागद कापायचा. मग वेटोळं. मजुरी नव्हती, जेवण होतं. आता माझं गावात दुकान आहे. हरभऱ्याच्या पाण्याच्या दिवसांत मला जेवायला वेळ नसतो. मोटारी का जळतात? तीनपैकी एक फेज जाते, ऑटोस्विच (वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारा) लावलेला असतो, मोटार गुरगुरत राहते, मालक घरी झोपलेला. शंभरातल्या साठ-सत्तर वेळा हीच भानगड. पोरांना निदान टेस्टर धरणं, फेज तपासणं आणि रिले (जास्त करंट ओढला की मोटार बंद करणारा) किती ॲम्पिअरवर ठेवायचा हे शिकवा. माझं गिऱ्हाईक कमी होईल, चालेल. बहुतेक लोक तरीही माझ्याकडेच येतील 😄

मोहफूल
गडचिरोलीहून. इकडे पऱ्हाटी नाही, धान आहे आणि जंगल आहे. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. त्यानंतर आमच्या भागात तरुणांना जे शिकावं लागलं ते वेगळंच होतं: बांबू मोजणं, टेंडर वाचणं, मजुरीचं रजिस्टर, ग्रामसभेचा ठराव लिहिणं, वाहतूक परवाना. ठेकेदाराशी बोलताना मान खाली न घालणं हेही. हे कोणत्या कोर्समध्ये बसतं माहीत नाही, पण तेंदूच्या हंगामात ज्या गावात हिशोब लिहिणारी चार पोरं आहेत त्या गावाचे पैसे बुडत नाहीत.

बंडीवाला
आमच्याकडे जंगल नाही, पण जंगलातले सगळे पाहुणे आहेत. रोही (नीलगाय) अन् रानडुकरं. तूर फुलावर आली की जागलीवर जा. धुऱ्यावरचा भाऊ, वर्गात जागलीचा तासही ठेवा, रात्री अकरा ते चार.

लाल_बिल्ला
परत येतो. वर जे सुचवलं त्यातलं निम्मं म्हणजे कलम बांधणं, मोटार भरणं, फवारणी, लसीची वही. हे सगळं शेतकऱ्याला सेवा देणाऱ्याचं काम आहे. म्हणजे तुमचा वर्ग यशस्वी झाला तर पोरगं शेती सोडून शेतकऱ्याकडून पैसे कमावेल. मला वाईट वाटत नाही, उलट शहाणपणाचं आहे. पण मग 'शेती शिकवतो' म्हणू नका, खरं सांगा.

मगनवाडी
लाल बिल्ला यांचा मुद्दा खोडून काढता येत नाही. फक्त एवढंच म्हणेन की पाच एकरात दोन भाऊ असतील तर एकाने वावर आणि दुसऱ्याने मोटारीचं दुकान, यात शेती सुटत नाही. तो दुसरा पैसा अडल्या वेळी वावरातच येतो. गावोगाव असं चाललेलं दिसतं.

धुऱ्यावरचा
सगळ्यांचे आभार, वर्गातल्या बाकीच्यांना धागा वाचून दाखवला. लाल बिल्ला दादांच्या म्हणण्यावर आमच्यातच भांडण लागलं, ते अजून मिटलं नाही.

सध्या ठरलं ते असं. वर्ग रविवारी चार ते सहा. पहिलं काम मे अखेर: सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासणी. ओल्या बारदान्यावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं, आठवड्यानं उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर आले तर एकरी तीस किलो, कमी आले तर त्या हिशेबाने बियाणं वाढवायचं, फारच कमी असेल तर ते वापरायचंच नाही. पोरं गावातल्या दहा-बारा घरांचं बियाणं तपासून देतील आणि नमुन्यामागे वीस रुपये घेतील. मास्तरांचं पाबळचं सूत्र. दुसरा रविवार फवारणीचा, टूथब्रशसकट. मोटारीचं आणि कलमेचं हिवाळ्यात पाहू, म्हणजे पोळ्यानंतरही वर्ग ओढावा लागेल. हिशोबी दादांची वही पहिल्या दिवसापासून.

प्रश्न: वीस रुपये जास्त होतात का? एक म्हातारे म्हणाले, "दाणे माहे, बारदाना माहा, पैसे कायचे?"

सखी_वाशीम
वीस घ्याच. फुकट केलं की लोक तपासून घेतात अन् मग मानत नाहीत. पैसे दिले की बियाणं वाढवतात.

पऱ्हाटी
एक व्यावहारिक सूचना. पोरं शंभर दाणे मोजताना नकळत टपोरे-टपोरे निवडतात आणि उगवण नव्वद येते. पोत्याच्या वरून, मधून, खालून मूठभर काढायचं, मिसळायचं आणि हाताला येईल तो दाणा मांडायचा. फुटका, सालपट गेलेला असला तरी मांडायचा. सोयाबीनची साल पातळ असते. थप्पी उंच लावली, पोतं आदळलं, की आत मार बसतो आणि वरून काही दिसत नाही. म्हणून खालच्या पोत्याचा नमुना वेगळा घ्या.

जळकी_मोटार
आर्वीकडे माझ्या साल्याचं गाव आहे. दिवाळीनंतर दोन जळक्या मोटारी घेऊन येतो, पोरांना उघडू द्या. शॉक बसणार नाही, जळक्याच आहेत.

वऱ्हाडी_ठेचा
@रिकामा_नवरदेव, आई काय म्हणाली?

रिकामा_नवरदेव
आई म्हणते, आधी माह्या नावावर करून दे, मंग सुनेचं पाहू.